मागच्या टायरची उजवी कड

सणसर, मंगळवार, २१ जानेवारी १९९७

माझ्या रेसर सायकलचा मागचा टायर आज पुन्हा गेला. महिनाभरात तिसरा. रविवारी बारामतीत कॉलेजच्या मुलींची सायकल शर्यत आहे, आणि डोकं एकाच गोष्टीत अडकलंय. टायरची वरची नक्षी अजून नव्यासारखी आहे, मग कड का फाटते? तीही दर वेळी उजवीच?

सायकल दुरुस्त करणारे तात्या म्हणाले, "आजकालचा मालच हलका हाय."

मला पटेना. माल हलका असता तर कधीतरी डावी कडही फाटली असती. नवा टायर बसेपर्यंत विचार करत राहिले आणि मग सुचलं. मागून उसाची ट्रॉली आली की मी डावीकडं मातीत उतरते. परत चढताना डांबराची कड माझ्या उजवीकडंच येते की. पुढचं चाक मी वळवते म्हणून ते चढतं. मागचं मात्र घासत येतं.

तात्या म्हणाले, "चल, दाव मला." दुकानासमोरच रस्त्याच्या कडेला ते उकिडवे बसले. मी दोनदा उतरून चढून दाखवलं.

"व्हय की," ते हळूच म्हणाले. "आन् मी इतकी वर्षं मालाला नावं ठेवतोय."

घरी येताना ट्रॉली आली तेव्हा मातीत थांबले, हँडल पार वळवून अख्खी सायकल डांबराच्या कडेसमोर सरळ धरली आणि वर चढले. टायरवर हात फिरवला. ओरखडासुद्धा नव्हता.

उद्या कॉलेजच्या सायकल स्टँडवर सगळ्यांच्या मागच्या टायरची उजवी कड बघणार आहे.