सुजाताचे पाच गुण

हट्टा, शनिवार, संध्याकाळ

आज शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली, परीक्षक मीच. विषय होता ‘अवकाशातल्या खाणी’. सगळ्या लेकरांनी लघुग्रहावरचं सोनं खाली आणून देश श्रीमंत करून टाकला. आठवीतली सुजाता मात्र म्हणाली, “एवढं सोनं एकदम आणलं तर त्याला भाव राहील का? आमी वसमतच्या मोंढ्यात हळद नेतो, आवक वाढली की भाव पडतो. मग यान पाठवायचा खर्च बी निघायचा न्हाई.” हातवारे करत बोलत होती, नखं हळदीनं पिवळी.

आणि मी ‘विषयांतर’ असा शेरा मारून पाच गुण कापले. काहून? आकाशातल्या सोन्याशेजारी घरची हळद मला हलकी वाटली, एवढंच. निकाल ऐकून ती पिवळी नखं मुठीत मिटून बसून राहिली.

घरी आले तर हे म्हणाले, “आपली हळद आत्ता न्यायची न्हाई. मोंढ्यात लई आवक झाली.”

मी लगेच म्हणाले, “बराबर आहे, थांबा.”

ह्यांचीही नखं पिवळीच होती. ह्यांचे गुण कापावेत असं काही मला वाटलं नाही.