देवाशी घासाघीस

प्रिय अप्पा,

लिहायचं मनात नव्हतं. पण आत्ताच ठाण्याहून काकांचा फोन आला आणि माझं डोकं फिरलं. उद्या तुम्हाला जाऊन वर्ष होतंय. काका म्हणाले, "तू हुबळीत काही करू नकोस. कद्दिशला दहा पुरुष लागतात, तिथं आपल्यातलं उरलंय कोण? मी इथं सिनेगॉगमध्ये म्हणतो. आणि पोरीबाळींनी कद्दिश म्हणायचा नसतो."

मी ठणकावून सांगितलं, "अप्पांसाठी कद्दिशची प्रार्थना मीच म्हणणार. इथंच, कबरीपाशी." त्यांनी फोन ठेवून दिला.

आता तुम्ही तिकडून म्हणणार, "काय गं, मोठ्यांशी असं बोलायचं असतंय?" हो, असतं! तुम्हीच शिकवलंत.

दर शुक्रवारी आईनं शब्बाथचा दिवा लावला की तुमचा अब्राहाम सुरू व्हायचा, आपल्या ज्यूंचा मूळपुरुष. देवानं त्याला नुसतं 'नीघ' म्हटलं, कुठं ते सांगितलं नाही, आणि तो बायकोसकट निघाला. "मला रेल्वेनं वर्कशॉपात पाठवताना निदान गावाचं नाव तरी सांगितलं," हा तुमचा ठरलेला विनोद. पण त्या बायकोला, सारेला, कुणी विचारलं होतं का, असं मी म्हटलं की आई हसायची आणि तुम्ही आमटी मागायचात.

रंगायचात ते सदोमच्या गोष्टीत. देव अख्खं गाव जाळायला निघालेला आणि अब्राहाम आडवा उभा! "पन्नास भली माणसं सापडली तर सोडशील? पंचेचाळीस? बरं, तीस?" अमरगोळच्या यार्डात मिरचीचा भाव पाडावा तसा आवाज काढून तुम्ही दहापर्यंत यायचात. मग म्हणायचात, "बघ पोरी, देव रागावला नाही. न्यायासाठी देवाशीबी भांडता येतंय."

मग अप्पा, आई गेली तेव्हा कुठं गेला होता तुमचा अब्राहाम? माती देऊन झाली, मी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि तुम्ही माझा हात धरलात. "गप की गं. माणसं पुरी नाहीत." देवाचं सोडा, माझ्यासाठी तुम्ही काकांशीसुद्धा भांडला नाहीत! काकांनी ठाण्यात कद्दिश म्हटला म्हणे एकदा. तिथं आईला ओळखत कोण होतं? त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही. तुमच्यावर जीव होता म्हणून तो कमी होत नाही.

फोनवरचा माझा आवाज भिंतीपलीकडे गेलाच. शेजारच्या शांतक्का आल्या. "हत्त मंदी बेकेन? नाव बर्तीवी." म्हणजे, दहा माणसं हवीत ना, आम्ही येतो! मी म्हटलं, "अक्का, दहा ज्यू पुरुष लागतात." तर म्हणाल्या, "मग आम्ही नुसतं उभं राहतो की. अप्पांनी कधी कुणाला दारातनं परत पाठवलंय?"

अब्राहामाचा तंबू चारी बाजूंनी उघडा असायचा, वाटसरूला दार शोधावं लागू नये म्हणून, असं तुम्ही सांगायचात. आपल्या दोन खोल्यांत तुम्ही तसंच वागलात, हे मात्र मान्य.

नियमानं उद्याचा कद्दिश धरला जाणार नाही, ठाऊक आहे मला. न का धरेनात! देवाला काही म्हणायचं असेल तर त्यानं मला म्हणावं. मी तिथंच उभी असेन.

तर शब्द देते, अप्पा. उद्या सकाळी मोठ्यानं म्हणणार, काही न गाळता. पण आधी आईसाठी. तुमचा नंतर. तोवर थांबा तिच्या शेजारी. ती इतकी वर्षं थांबलीच आहे.

तुमची भांडखोर लेक,
सिपोरा