काळा डॅक, चंदेरी डॅक आणि आयचे धवले

शुक्र. १ फेब्रु. २००८
लूम बंद, म्हणून आज ऐकायचा वार. बाकीचे दिवस शेजारच्या गाळ्यांतल्या मागांची खटखट भिंतीतून येते. हेडफोन लावला तरी दातात जाणवते.

मधू त्याच्या रिपेरिंगच्या दुकानातून दोन डॅक घेऊन आला. एक काळा, एक चंदेरी. सुरेखा म्हणाली, "ह्या डब्या आनि कसल्या? तुमचा अॅम्प तर झाला ना बनवून?" सांगितलं, अॅम्प आवाज मोठा करतो, पण कॉम्प्युटरमधून तो नीट काढून अॅम्पला द्यायला डॅक लागतो. "म्हंजे अजून एक वायर," असं म्हणून गेली आत. बायकोला काय समजावणार.

अॅम्प मी आणि म. ने मिळून केला, स्टीलच्या डब्यात. सोल्डरिंग त्याचं, डब्याला भोकं माझी. शाळेपासूनची दोस्ती आहे. टेमघरात लोक आम्हाला एकाच नावाने हाक मारतात, कुणालाही मारली तरी दोघं येतो.

शुक्र. ८ फेब्रु.
दोन्ही डॅक आयच्या धवल्यांवर लावून बघितले. दुसरं काही लावायचंच नव्हतं. हा सगळा खटाटोप कॉम्प्युटरवर उतरवलेल्या त्या एका कॅसेटसाठी आहे.

बहिणीच्या, वनिताच्या लग्नात मी टेप लावून ठेवला होता. आय धवलारीण, लग्नविधीची गाणी म्हणणारी, भिवंडीच्या आसपास तिच्याशिवाय लग्न लागायचं नाही. स्वतःच्या पोरीचे धवले पण तिनेच म्हटले, सोबतीला नेहमीची दिघाशीची चांगुणामावशी. पुढच्या वर्षी आय गेली. टेप करू दिला तोच खूप. ती म्हणायची, धवला लग्नातच म्हनायचा, रिकामा म्हनायचा न्हाय. मी पण रिकामा लावत नाही. एकटा ऐकतो, बस.

काळा मला आवडला. वरचा आवाज एकदम पुढे येतो, बाकीचं मागे राहतं. आय समोर बसल्यासारखी. म. चं म्हणणं उलटं. "काला गोड करून सांगतो रं. चंदेरी हाय तसा सांगतो." वाद घातला. शेवटी म्हणाला, काळा तू ठेव, फाइल दे, दुकानात आठवडाभर चंदेरीवर ऐकतो, मग ठरवू. पेन ड्राइव्हवर दिली. देताना सांगितलं, आयचा आवाज हाय, कुणाला देऊ नको. तर म्हणाला, "आय काय एकट्या तुझीच व्हती का?" खरंच आहे. तिच्या हातचं माझ्यापेक्षा जास्त त्यानेच खाल्लं असेल. बरं वाटलं ऐकून.

गुरु. १४ फेब्रु.
काळा घरी ठेवून घेतला होता, आज मुद्दाम लूम चालू असताना लावला. हार्ड डिस्क फिरली की किरकिर. धवल्याच्या मागे पण घूंऽऽ. शुक्रवारी ऐकून पसंत केलेली वस्तू गुरुवारी पण चालवायची असते, हे आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही! म. ला फोन केला. हसला खूप. म्हणाला, लूम चालू की लाइन खराब, आणि काळा कॉम्प्युटरचीच वीज खातो, म्हणून ती घाण पण घेतो. चंदेरीला वेगळी वीज, आणि मधे प्रकाशावर चालणारी वायर टाकली की कॉम्प्युटरशी संबंधच तुटला. वायर मागवतो म्हणाला. मी म्हटलं, फाइल? "अजून ऐकतोय ना. घाई काय?"

शुक्र. २२ फेब्रु.
म. आला नाही. दुकान बंद. फोन उचलत नाही. वायर आली नसेल.

रवि. २ मार्च
काल खालच्या आळीत हळद होती. संध्याकाळी पत्रावळ्या पोचवायला गेलो. डीजेवाल्याने गाणं लावलं, बँजो, ढोल, धाड धाड धाड, आणि त्याच्यावर आयचा धवला! लग्नाला देव बोलावतानाचा. त्याच्यावर पोरं शर्ट काढून नाचतात. एकजण मधे शिट्ट्या मारतोय. आयच्या ओळीचा तुकडा कापून तोच तोच चार वेळा वाजवलाय, ती अडखळल्यासारखी वाटते. माझ्या आयला अडखळवली भडव्यांनी.

पत्रावळ्या तिथेच टाकल्या. डीजेवाल्याने सीडी दाखवली. 'हळदी धमाका'. खाली बारीक अक्षरात 'संग्रह', आणि पुढे म. चं नाव.

सोम. ३ मार्च
दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं, तरी बोललो. सगळं बोललो.

म. मान वर न करता कुणाचा तरी टेप खोलत बसला. म्हणे, "पोरांनी मिक्स मारला. मी नुसता आवाज दिला."
"नुसता?"
"लोकं नाचली ना? तू ती आय कपाटात कोंडून ठेवलीस. लग्नात गायची बाई ती, लग्नातच वाजली."

तिचेच शब्द उचलून माझ्या तोंडावर मारतो. मी म्हटलं, डॅक ऐकायला म्हणून नेली होतीस फाइल. खोटं बोललास. त्यावर म्हणाला, "वनिताला विचारलं व्हतं मी."

बुध. ५ मार्च
पडघ्याला गेलो वनिताकडे. वाटलं, म. ने तिचं नाव उगाच पुढे केलं असेल. नाही. तिने हो म्हटलं होतं.

"दादा, तुला विचारलं असतं तर तू न्हाय बोलला असतास."
"मग? न्हाय म्हनजे न्हाय!"
"माझ्या लग्नाचे धवले हायत ते. मना पन कधी ऐकवलेस?"

पोरं समोर होती म्हणून आवाज चढवला नाही. चहा ठेवला तिने, मी प्यायलो नाही. येताना ट्रकांमुळे बस अडकली तासभर. बसून बसून डोक्यात एकच, की सगळ्यांना माहीत होतं. मी सोडून सगळ्यांना.

शनि. ८ मार्च
काल शुक्रवार. हेडफोनला हात लावला नाही. सुरेखा म्हणाली, जाऊ द्या, वाईट तर गायल्या न्हाईत ना आई त्यात. तिच्यावरही ओरडलो. तिचं काही चुकलं नव्हतं.

मंगळ. ११ मार्च
सकाळी ओट्यावर पिशवी. आत चंदेरी डॅक, प्रकाशाची वायर, पेन ड्राइव्ह. चिठ्ठी नाही काही नाही. सुरेखाने म. ला जाताना बघितलं, हाक मारली, तर तो थांबला नाही.

परत नेऊन द्यायचा होता. गेलो नाही. पिशवी कपाटावर टाकली.

शुक्र. १४ मार्च
लावला. राग आहे तो आहे, वस्तूवर कशाला काढायचा, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे राहवलं नाही.

घूं नाही. किरकिर नाही. मांडवात बांगड्या वाजतात त्या कळतात, कुणीतरी पाट सरकवतं ते कळतं. म. चं बरोबर होतं, हरामखोर. चंदेरीच घ्यायचा होता.

देव बोलावतानाचा धवला. वरचा आवाज ताणून धरलाय, तोच तो सीडीवाला. आणि त्याच वेळी खालून कुणीतरी, अगदी टेपजवळ, "हलद कालवली का गं?"

आय.

परत लावला. परत लावला. आय हळदीचं विचारते आणि वरचा आवाज तसाच चालू. मग आय पुन्हा गाण्यात येते, खाली, बसक्या आवाजात, ओळीच्या शेवटी दम तुटतो. तेव्हा दम लागायचाच तिला. मला माहीत होतं. गोळ्या मीच आणायचो.

वरचा आवाज चांगुणामावशीचा आहे.

इतकी वर्षं मावशीलाच ऐकून रडलो. आयचा आवाज मी विसरलो होतो, आणि विसरलोय हेही कळलं नाही मला.

सीडीवर आय नाहीच. तिचा आवाज काढून टाकलाय, वरचाच ठेवलाय. मावशी दिघाशीला आहे, चालती बोलती. तिला ना त्यांनी विचारलं, ना मी कधी. परवा जायला हवं. जाऊन काय सांगू?

शनि. १५ मार्च
दिवसभर एकच. म. चे कान माझ्यापेक्षा चांगले. त्याने हाच चंदेरी लावून, हीच फाइल दोन आठवडे ऐकली. दोन आवाज वेगळे केले, त्यातला एक टाकून दिला. ज्या बाईच्या हातचं जेवून मोठा झाला तिचा आवाज त्याला ओळखू आला नसेल? दुकानात मी 'माझी आय, माझी आय' म्हणून बोंबलत होतो तेव्हा मान वर करत नव्हता.

तुला कळलं होतं ना मध्या. मग बोलला का नाहीस.