रिसीव्हर भरपूर आहेत

३ ऑगस्ट, सोमवार

आजपासून मी ड्राय फोर्क हायस्कूलची बीजगणिताची शिक्षिका आणि शाळेच्या फुटबॉल संघाची रिसीव्हर-कोच, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणाऱ्या पोरांची कोच. पगार एकच. घरातली पहिली डिग्री माझी. ती आणली तेव्हा बाबा कापसाच्या जिनमध्ये सगळ्यांना सांगत फिरले होते की आम्हा कांतूंची नोएमी आता एसीत बसणार. आज दुपारभर टेक्सासच्या उन्हात गळ्यात शिट्टी घालून उभी होते. शिट्टी तापून गळ्याला चटका बसला. पहिला दिवस. अभिमान वाटला.

जागा मुख्य कोच स्टॅलकप यांनी दिली. मला कॉलेजची स्कॉलरशिप मिळावी म्हणून धडपडले तेही तेच. आता पाळी माझी. त्यांची नोकरी मी वाचवणार आहे. गेल्या वर्षी संघाने दोनच सामने जिंकले. डोनटच्या दुकानात रोज सकाळी बसणारी रिटायर मंडळी त्यांना हाकलायला टपलेली आहेत. शाळा मंडळाने तर तारीखच देऊन टाकलीय: ९ ऑक्टोबर, जुने विद्यार्थी गावी परततात तो होमकमिंगचा सामना, विरुद्ध स्वीनी फ्लॅट. हरलात तर नमस्कार.

कोच जन्मभर एकच खेळ खेळत आलेत. चेंडू पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि गर्दीत घुसायचं. मी त्यांना अठ्ठावीस स्लाइड दाखवल्या. चेंडू फेकायचा! लांब! चार पोरं कडेकडेने सुसाट पळतील आणि झेलतील. कोचनी टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाले, पोरी, ते सगळं ठीक, पण झेलणारे आहेत का तेवढे? एकाचा पाय मुरगळला, दुसऱ्याला ताप आला, मग?

म्हटलं, भरपूर आहेत.

४ ऑगस्ट

मोजले. सहा आहेत.

लागतात चार, म्हणजे वर दोन. कोच लोक याला डेप्थ म्हणतात. आमच्याकडे डेप्थ आहे!

केंड्रिक ब्रॉयल्स: हात नव्हेत, टोपल्या. सगळ्यांत भारी. रस्टी हॅवरकँप: उंच, घरी डुकरं पाळतो, वास येतो, पण झेलतो. ओस्वाल्डो प्रिएतो: चपळ. मध्यंतरात बँडमध्ये ट्रॉम्बोनही वाजवतो, तोही खेळाच्याच घामट कपड्यांत. केड आणि कोल टकर: जुळे. एकाला हाक मारली की दोघं येतात. आणि वेस्ली डन. वेस्ली उभा छान राहतो.

संकल्प: मी नुसते खेळाडू नाही, माणसं घडवणार. दर आठवड्याला प्रत्येकाशी मनापासून बोलायचं. कोचना सांगितलं. ते म्हणाले, बोल, पण पळताना बोलू नकोस, पोरं चेंडू सोडतात.

२९ ऑगस्ट, शनिवार

जिंकलो!! ४१-२०! चेंडू आकाशात, पोरं जमिनीवर, दोघांची गाठ पडतेय! केंड्रिकने तीन टचडाउन केले. कोचनी मला मिठी मारली आणि लगेच सॉरी म्हणाले. आई शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते; तिने स्टँडमध्ये उभं राहून ती माझी मुलगी आहे, ती माझी मुलगी आहे असं इतक्यांदा ओरडून सांगितलं की शेजारची बाई म्हणाली, हो बाई, कळलं, आम्ही तिला लंगोटात पाहिलीय.

सकाळी गावच्या रेडिओवर मुलाखत झाली. निवेदकाने विचारलं, हा हवाई खेळ शेवटपर्यंत टिकेल का, रिसीव्हर पुरतील का? मी म्हटलं, स्वीनी फ्लॅटवाल्यांना सांगा, एकाला अडवलंत तर दुसरा येईल, दुसऱ्याला अडवलंत तर तिसरा. आमच्याकडे पोरांची लाइन लागलीय.

बाबा म्हणाले, छान बोललीस पोरी. पण दुकानात माल किती आहे हे समोरच्या दुकानदाराला कशाला सांगायचं?

बाबांना मार्केटिंग कळत नाही.

८ सप्टेंबर

पाचपैकी... चुकले, दोनपैकी दोन जिंकलो. आनंदात आकडेही चुकतात, आणि मी बीजगणित शिकवते!

आज टकर जुळ्यांशी मनापासून बोलले. म्हटलं, तुम्ही दोघं दोन वेगळी माणसं आहात. प्रत्येकाने स्वतःला शोधावं. दोघांनी एकाच वेळी मान हलवली. माझं म्हणणं पोचलं.

१० सप्टेंबर

केडने संघ सोडला. गोल्फला गेला. मिस, मला स्वतःला शोधायचंय, म्हणाला. शब्द न् शब्द माझे! अंगावर काटा आला. पाच उरले. डेप्थ असते ती अशा वेळेसाठीच.

१४ सप्टेंबर

कोलही गेला. कुठे गेलास विचारलं तर म्हणाला, गोल्फला. का? तर केड तिथे आहे.

चार. लागतात चार, आहेत चार. वाया कुणी जात नाही. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही सर्वांत सुबक अवस्था.

कोचनी विचारलं, टकर पोरांना काय झालं? सांगितलं, त्यांची वाढ होतेय. कोचनी उरलेली पोरं बोटांवर मोजली.

१९ सप्टेंबर, शनिवार

जिंकलो, पण थोडक्यात. शेवटी सगळे दमले. वेस्ली सोडून. वेस्ली दमण्याइतका पळालाच नव्हता. त्याच्याशी बोलले. म्हटलं, तुला आयुष्यात काय करायचंय? विचार करून म्हणाला, मिस, आता? आता सँडविच.

या मुलाची फार काळजी वाटते. बाकी सगळ्यांच्या डोळ्यांत काहीतरी पेटलंय. याच्या डोळ्यांत दुपार असते.

२३ सप्टेंबर

ओस्वाल्डोला समोर बसवलं. म्हटलं, ट्रॉम्बोन आणि फुटबॉल, दोन्हीकडे अर्धा अर्धा किती दिवस राहशील? मन जिकडे ओढेल तिकडे पूर्ण जा. अगदी बेधडक. माझ्या आवाजात काहीतरी होतं, कारण त्याचे डोळे भरून आले.

आता तो फुटबॉलला जीव लावून भिडणार. म्हणजे साडेतीन नव्हे, चार पूर्ण रिसीव्हर.

२४ सप्टेंबर

ट्रॉम्बोन.

कोच म्हणाले, नोएमी, त्याला काय सांगितलंस? म्हटलं, मन जिकडे ओढेल तिकडे जा. कोच म्हणाले, पुढच्या वेळी मन कुठे राहतं ते आधी विचारून घे.

त्यांचा विनोद कधी कधी मला कळत नाही. तीन आहेत. मोठमोठे संघ तीन रिसीव्हरवर खेळतात. मी एक नवी स्लाइड केली: ‘कमी, पण नेमके’.

२८ सप्टेंबर

रस्टी अर्ज घेऊन आला. त्याच्या डुकराला, म्हणजे बटरकपला, डॅलसच्या राज्य जत्रेत उभं करायचंय. कधी? ९ ऑक्टोबर. रस्टीने स्वतःच विचारलं, मिस, नको जाऊ का? होमकमिंग आहे. कोचची नोकरी आहे. डुकराचं काय, पुढच्या वर्षी दुसरं येईल.

पण बोलताना ओठ थरथरत होते. त्याने बटरकपला बाटलीने दूध पाजून वाढवलंय. मी म्हटलं, रस्टी, एका सामन्यापायी कुणी स्वप्न सोडतं का? जा. आमच्याकडे डेप्थ आहे.

त्याने मिठी मारली. ब्लाउज धुवायला टाकला.

जेवताना आईला सांगितलं. आई म्हणाली, देवा, हिने डुकरासाठी रिसीव्हर दिला. बाबा म्हणाले, अगं, डुक्कर कसलं आहे ते तर विचार. हॅवरकँपांची डुकरं बक्षिसं आणतात. मग दोघं डुकरांविषयी बोलत बसले.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

सहा आठवड्यांचे निकाल लावले. केंड्रिकला बीजगणितात अडुसष्ट.

पास व्हायला सत्तर लागतात. आणि राज्याचा नियमच आहे: एका विषयात जरी नापास, तरी तीन आठवडे खेळ बंद. नियम लागू होतो पुढच्या शुक्रवारी, शाळेची शेवटची घंटा वाजली की. म्हणजे होमकमिंगच्या चार तास आधी.

पेपर दोनदा तपासला. तिसऱ्यांदा तपासला तर सदुसष्ट निघाले, म्हणून थांबले.

५ ऑक्टोबर

सगळ्या गावाला कळलं. डोनटच्या दुकानात मला फुकट डोनट मिळाला, गुलाबी आयसिंगचा, वर साखरेत ७० लिहिलेलं. एक आजोबा म्हणाले, बेटा, खाऊन टाक आणि विचार कर. मी पैसे देऊन खाल्ला.

आई म्हणाली, दोन मार्क म्हणजे काय गं, सूप कमी पडलं की मी नाही का वाटीभर पाणी घालत? म्हटलं, आई, तू घालतेस? आई म्हणाली, विषय बदलू नकोस.

दुपारी कोच वर्गात आले. भिंतीवरची पोस्टरं वाचत फिरले. ‘चूक म्हणजे शिकण्याची संधी’ या पोस्टरपाशी थांबले. छान पोस्टर आहे म्हणाले आणि गेले.

रडले थोडी. मग केंड्रिकच आला. म्हणाला, मिस, मार्क वाढवू नका. क्ष उणे होता, मी अधिक लिहिला, चूक माझीच. गावात मी कुणाला तोंड दाखवू ते सांगा फक्त. रोज सकाळी शिकवणीला ये म्हटलं. हा खरा विजय! तीन आठवड्यांनी परत येईल तेव्हा समीकरणंही सोडवेल!

८ ऑक्टोबर

परिस्थितीचा आढावा. रिसीव्हर: वेस्ली.

कोचनी विचारलं, डेप्थचं काय? म्हटलं, कोच, डेप्थ म्हणजे संख्या नव्हे. ते हसले. इतकं हसले की बाकावर बसावं लागलं. म्हणाले, पोरी, तीस वर्षं कोच आहे, सगळे रिसीव्हर सुधारून पळवून लावणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. मग डोळे पुसून म्हणाले, जाऊ दे. आपल्याला एक खेळ येतो, तोच खेळू. नोकरी गेली तर मासे पकडेन.

त्यांच्या बायकोने परवा आईला सांगितलं होतं की घराचे हप्ते अजून आहेत आणि ह्यांना मासे पकडता येत नाहीत.

झोप येईना. वेस्लीला चार जागी कसा उभा करता येईल याचे आराखडे काढले. एक बरा वाटतोय.

१० ऑक्टोबर, शनिवार

जिंकलो!!! १३-१०!!!

सगळं लिहायलाच हवं. स्टँड खचाखच भरलेलं. होमकमिंगच्या प्रथेप्रमाणे मुलींनी ड्रेसवर ताटाएवढी शेवंतीची कापडी फुलं लावलेली, गुडघ्यापर्यंत रिबिनी, रिबिनींना घंट्या. कुणी टाळी वाजवली की आख्खं स्टँड किणकिणायचं. वेस्लीच्या आईने त्याच्याही दंडाला तसंच फूल बांधून पाठवलं होतं. ते खेळताना सोडायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नाही. पंचाने सोडवलं.

कोचनी माझा आराखडा घडी करून खिशात ठेवला आणि जुनाच खेळ काढला. चेंडू पोटाशी, मान खाली, गर्दीत. आणि काय सांगू! गर्दीच नव्हती! स्वीनी फ्लॅटने दोन-दोन पोरं वेस्लीवर नजर ठेवायला कडेला उभी केली होती. आणि आणखी एक मागे, त्याच्यानंतर येणाऱ्यांसाठी. रेडिओवर ऐकलं होतं ना त्यांनी! आख्खी रात्र वाट बघत होते की ड्राय फोर्कची लाइन आता सुटेल, मग सुटेल. मधली जागा मोकळी. आमचे जाडे गडी चालत चालत गेले.

आख्ख्या सामन्यात एकदाही चेंडू फेकला नाही. एकदाही नाही!

म्हणजे माझीच योजना यशस्वी झाली. नसलेल्या रिसीव्हरांनी सामना जिंकून दिला; यापेक्षा खोल डेप्थ कुठली? बाबांना हे समजावलं. बाबा म्हणाले, पोरी, तू शिकलेली आहेस, तुला जास्त कळतं. आणि आईकडे बघायचं टाळलं.

मध्यंतरात ओस्वाल्डोने एकट्याने ट्रॉम्बोन वाजवला. सुंदर! डॅलसहून रस्टीचा फोन आला: बटरकप तिसरी, आता जत्रा संपेपर्यंत आणखी आठवडाभर तिथेच!

१२ ऑक्टोबर, सोमवार

शाळा मंडळाने कोचना आणखी दोन वर्षं दिली. डोनटच्या दुकानात आता त्यांना ‘आमचे कोच’ म्हणतात. कोचनी आज सरावाला सगळ्यांसमोर माझे आभार मानले. मिस कांतूंमुळे आपण चेंडू फेकला नाही, असं म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, कोच, पुढच्या शुक्रवारी फेकायचा ना? ते शांतपणे म्हणाले, कुणाकडे?

मी नावं सांगायला तोंड उघडलं. एकच निघालं. इतके दिवस मी आकडा बोलत होते. नावं आज मोजली.

सराव संपल्यावर वेस्ली माझ्याकडे आला. आपण होऊन, पहिल्यांदाच. म्हणाला, मिस, शुक्रवारी मी कडेला उभा होतो ना, चेंडू काही येत नव्हता, म्हणून वर बघत होतो. दिव्यांच्या पलीकडे एकच काहीतरी चमकत होतं. सायन्सच्या सरांना विचारलं, तर शनी होता म्हणे. मिस, त्याला कडी असते! सर दर शुक्रवारी संध्याकाळी दुर्बीण लावतात. तुम्ही म्हणता ना, मन ओढेल तिकडे बेधडक जा. माझं पहिल्यांदाच ओढलंय. जाऊ?

त्याच्या डोळ्यांत दुपार नव्हती. लख्ख उजाडलं होतं. या एका वाक्यासाठी मी ऑगस्टपासून जीव टाकत होते.

म्हटलं, वेस्ली, शनी डिसेंबरातही असतो, फुटबॉल नसतो. शुक्रवारी सहाला मुकाट्याने मैदानावर ये.