उजवा स्पीकर

ती. मामांना,

कंबर वाकू देते तितका वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि मामींचा तुमच्यावरचा राग, दोन्ही आता उताराला लागले असतील अशी आशा करतो. आम्ही आहोत.

तुम्ही बजावलं होतं की गाण्यांचा हाय-फाय सेट घ्यायचाच तर हप्त्यावर नको, साठवून घे, आणि जाहिराती वाचून नको, कानांनी ऐकून घे. अगदी तसंच केलं. ओव्हरटाइम साठवून दुकानात गेलो, तर दुकानदाराने आधी साधे स्पीकर ऐकवले आणि मग चौपट किमतीचे. (बायकोने माझा हात दाबला. त्यातली बासरी तिला कोणी शेजारी बसून वाजवतंय असं वाटलं.) मला मात्र दोन्ही सारखेच! मामा, इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. पैसे वाचले, वर दुकानदाराची जिरवली. तो ज्या नजरेने माझ्याकडे बघत होता ती मी हार समजलो.

घरी जोडणी केली, तर उजवा स्पीकर मुका. दुकानदाराने वायर बदलून दिली, मग अँप्लिफायर. शेवटी स्वतः घरी आला, ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, दोन्ही झकास वाजतायत." मी त्याला नाही नाही ते बोललो. स्पीकरांची अदलाबदल केली, तरी मुका तो उजवाच. तेव्हा बायको उठली आणि तिने माझी खुर्ची उलटी फिरवून मला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"आता कुठला बंद आहे?"

इतका वेळ खणखणीत वाजणारा मुका झाला होता, आणि मुका वाजू लागला होता. दुकानदार चपला घालायला लागला.

कानाच्या डॉक्टरांनी काम काय करता विचारलं. पत्र्याच्या प्रेसवर आहे म्हटल्यावर पुढचं विचारलंच नाही. (प्रेस माझ्या उजव्या अंगाला असतो.) गेलेलं परत येणार नाही, उरलेला जपा, म्हणाले. खात्यात कानांची बुचं मिळतात, पण ती घातली की मुकादमाची हाक ऐकू येत नाही आणि शिव्या बसतात, म्हणून कोणी घालत नाही.

संध्याकाळी बायको माझ्या डावीकडे बसून उजव्या स्पीकरात काय चाललंय ते सांगते. "आता बासरी आली," म्हणते. मी मान डोलावतो.

तुमचा एकतर्फी भाचा

ता. क. सेट विकायचा नाही. मामींनी गिऱ्हाईक शोधू नये.

आणखी एक. तुम्ही कारखान्याच्या साहेबांकडे शब्द टाकून आमच्या धाकट्या भावाला माझ्या शेजारच्या प्रेसवर चिकटवताय, असं आई आनंदाने सांगत होती. मामा, पत्र त्यासाठीच लिहिलं. शब्द परत घ्या. आई रडेल, धाकटा माझ्याशी बोलणं टाकेल. टाकू दे. त्याला अजून पलीकडच्या खोलीतली कुजबुजसुद्धा ऐकू येते.