ठिपक्यांच्या गावातला नियम

सर, तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. राग काही गेला नाही, म्हणून लिहितोय.

लातूरच्या कॉलेजात तुम्ही राज्यशास्त्र शिकवायचात. आपण कोणत्या घरात जन्मणार हे ठाऊकच नसेल, तर माणूस कसले नियम करील, हा तुमचा लाडका प्रश्न. मी कॉम्प्युटरवर त्याचं एक गाव केलं. एक ठिपका म्हणजे एक माणूस. ठिपक्यांपासून त्यांचं घर लपवलं आणि नियम निवडायला लावले, तर 'लग्न जातीतच' हा नियम एकही ठिपका निवडेना. तुम्ही लई खूश. चहा मागवलात, सगळ्या वर्गाला दाखवलंत, म्हणालात, "बघा रे, ठिपक्यांना कळतंय." मी येडा, मला वाटलं तुम्हालाही कळतंय. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन तुमच्या मुलीला मागणी घातली; आमचं दोघांचं आधीच ठरलं होतं. तुम्ही लिंगायत, आम्ही मराठा. चष्मा पुसत तुम्ही म्हणालात, "पोरा, वर्गातलं वर्गात ठेव." आवाजसुद्धा चढवला नाहीत. ओरडण्याएवढीही किंमत नव्हती माझी. मागं तुमचं न्यायावरच्या पुस्तकांचं कपाट, काचेचं, कुलूप घातलेलं. त्याच आठवड्यात मी कॉलेज सोडलं. असल्या न्यायाची डिग्री घेऊन करायचं काय?

आता नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसतो. तुमची मुलगी इथंच बी.एड. करतेय. तिच्या काकांनी उदगीरचं स्थळ धरून ठेवलंय, आणि माझं नाव निघालं की त्यांचं एकच, "दादाचा शब्द हाय, पोरगी जातीतच." जिवंतपणी भित्रे निघालात, मेल्यावर कायदा झालात.

म्हणून नवं गाव केलं. इथं ज्याला त्याला आपलं घर ठाऊक. वय झालं की जुने ठिपके मरतात. त्यांचा 'लग्न जातीतच' हा नियम त्यांच्यामागं टिकतो का, एवढंच बघायचं होतं. टिकतो, सर. दर वेळी टिकतो.

परवा ती दुकानात आली. बराच वेळ पडद्याकडं बघत राहिली.

"समदे मरायलेत, हा एकच पांढरा ठिपका का मरंना? ह्यो हाय म्हणून तर नियम मोडंना."

"प्रोग्राममधी चूक हाय," मी म्हणालो.

"मग काढ की. काकाला मी न्हाई म्हणून सांगून आले. आता तुझं तू बघ."

चूक नाही ती, सर. तो ठिपका म्हणजे तुम्ही; त्याला मरण नाही, अशी ओळ मीच लिहिलीय. तुमच्या तोंडून एकदा हो ऐकायचं होतं.