मळका स्पंज

प्रिय टिल्लू,

सहा फुटी माणसाला ही हाक शोभत नाही, ठाऊक आहे. पण दीड वर्षात तू माझा एकही फोन उचलला नाहीस, तेव्हा पत्रात तरी तुला तुझ्या लहानपणीच्या नावानं हाक मारू दे. अक्षर ओळखून लगेच फाडू नकोस रे. वाच, मग हवं तर फाड.

मी मासे पाळलेत. हस खुशाल. तुझ्या टाकीला डबकं म्हणणाऱ्या आईनं दहा लिटरची टाकी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली, बाबांच्या खुर्चीसमोर. वाळू सात पाण्यांनी धुतली, दोन रोपं लावली, फिल्टर बसवला. दुकानदारानं बजावलं होतं, मावशी, महिनाभर मासे घालू नका, पाणी मुरू द्या. मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या दुकानातून सहा मासे घेऊन आले. घरात माझ्याशिवाय काहीच हलत नाही, टिल्लू. काहीतरी हलायला हवं होतं.

चार गेले. उरलेल्या दोघांतला एक तळाशी आडवा पडून कल्ले हलवतोय, दुसरा वर येऊन हवा गिळतोय. खाणं बंद केलं, रोज थोडं पाणी बदलते, कामावर रजा टाकली. ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करण्यात अठ्ठावीस वर्षं गेलेली बाई मी, मला वाटलं, स्वच्छताच कमी पडतेय. फिल्टरचा स्पंज बुळबुळीत झाला होता. तो उकळायला पातेलं ठेवलं, पण जीव घाबरला म्हणून गॅस बंद करून आधी पहिल्या दुकानात विचारायला गेले. दुकानदारानं कपाळावर हात मारला. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं, म्हणाला, आणि ते खाऊन टाकणारे जिवाणू त्या मळक्या स्पंजातच राहतात. स्पंज उकळला की टाकी तिथेच मेली. मासे मागून चार दिवसांनी मरतात, एवढंच.

मी त्याच्या स्टुलावर बसूनच राहिले. चार दिवस. तू मुलाखतीला गेला होतास तेव्हा मी तुझी टाकी साबणानं घासून लख्ख केली होती, स्पंज उकळला होता. मोठा उपकार केल्याच्या थाटात. चौथ्या दिवशी तुझे अकरा मासे पाण्यावर तरंगत होते. बाबांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. आठ महिने त्यांना तू भरवलंस, तू कुशीवर वळवलंस, आणि मी ड्यूटीच्या आड लपले. तरी माझ्याच तोंडून निघालं की तुझ्या हाताखाली काही जगत नाही. लख्ख टाकी बघून कुणी काय केलं ते तुला तेव्हाच कळलं असणार.  तू टाकी उचललीस आणि घर सोडून गेलास. डॉक्टरांनी बाबांना दोन महिने दिले होते रे, ते आठ महिने जगले. तुझ्या हाताला गुण आहे. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

जुन्या टाकीतल्या मळक्या स्पंजाचा तुकडा मिळाला तर मासे वाचतील, असं दुकानदार म्हणतो. त्याच्या टाक्यांत औषध घातलंय, त्याचा चालणार नाही. मासे पाळणारं माझ्या ओळखीचं तुझ्याशिवाय आहे कोण? आणि तुकडा पोस्टानं मागवण्यासारखा नाही, म्हणून स्वतःच आले. या ओळी तुझ्या जिन्यात बसून लिहितेय. दारापलीकडे तुझ्या टाकीची बुडबुड ऐकू येते, बेल वाजवायचा धीर होत नाही. कागद दाराखालून सरकवते आणि खाली बाकावर बसते. झाकणाचा डबा आणलाय, त्याला साबण लावलेला नाही. शेवटची बस सहाला आहे. नुसता तुकडा देऊन परत फिरू नकोस, टिल्लू, तूही चल. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण तो टाकीत तुझ्या हातानं घाल. माझ्या हातांचा मला भरवसा उरलेला नाही.

खाली थांबलेली,
तुझीच आई